दारू पिऊन चालवलेल्या गाडीने घरचं माणूस गेलं तर: पहिल्या रात्रीपासून निकालापर्यंत

घरातलं कुणी रस्त्यावरच्या अपघातात गेलं आणि समोरचा चालक प्यायलेला होता असं चार जण सांगताहेत. ज्यांनी पोलीस ठाण्याची पायरी कधी चढली नाही, अशा माणसांवर ही वेळ येते तेव्हा सल्ले पुष्कळ मिळतात, पण कामाचं नीट कुणी सांगत नाही. हा लेख अशा घरांसाठी आहे. शक्य असेल तर घरातल्या थोड्या सावरलेल्या माणसाने, एखाद्या मामाने, मेव्हण्याने किंवा जवळच्या मित्राने, तो हातात घ्यावा. आई-वडिलांवर किंवा जोडीदारावर हे ओझं पहिल्या दिवशी टाकू नये.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. दोष कुणाचा हे न्यायाधीश कित्येक वर्षांनी सांगतात, पण ते कशाच्या आधारावर सांगायचं हे पहिल्या चोवीस तासांत ठरून जातं. रक्तातली दारू उतरते, सीसीटीव्हीवर नवं चित्रण चढतं, गाडी हलवली जाते, साक्षीदार घरी जातात. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी पहिल्या तीन सगळ्यात महत्त्वाच्या आहेत.

एकच अपघात, तीन वेगळे हिशेब

फौजदारी खटल्यात सरकार विरुद्ध चालक असा सामना असतो. तिथे गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे ज्याला सगळे नुसतं ‘एमएसीटी’ म्हणतात तिथे, भरपाई ठरते. तिथे ‘असंच घडलं असण्याची शक्यता जास्त आहे’ एवढं दाखवलं तरी पुरतं. तिसरा हिशेब परवाना आणि नोंदणीचा, तो आरटीओकडे.

हे तिन्ही वेगळे असल्यामुळे एकीकडे हरलं म्हणजे सगळं हरलं असं होत नाही. चालक फौजदारी कोर्टात सुटला तरी भरपाईचा दावा जिंकता येतो. उलट, भरपाई घेतली म्हणून खटला मिटत नाही. ‘पैसे घेतले की केस संपते’ असं सांगणारा माणूस एक तर चुकतोय किंवा समोरच्यांनी पाठवलेला आहे.

पहिली पायरी: जागेवर आणि दवाखान्यात

जखमी जिवंत असेल तर आधी ११२ किंवा १०८. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. २०२५ च्या मे महिन्यात केंद्राने रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. तिच्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार येतात. दवाखान्याने आधी पैसे भरा म्हटलं तर या योजनेचं नाव घ्या.

ज्याने जखमीला उचलून आणलं, त्याचं नाव आणि फोन नंबर विनंती करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती त्याला करता येत नाही. त्यामुळे त्याने स्वखुशीने दिलं तरच. बहुतेक जण देतात. रात्री अडीच वाजता अनोळखी माणसाला रिक्षात घालून आणणारा माणूस पुढे साक्षीलाही उभा राहतो, फक्त त्याच्याशी माणुसकीने वागायला हवं.

दुसऱ्या कुणाला तरी जागेवर पाठवा. त्याने मोबाइलवर हे टिपावं: गाड्या कशा अवस्थेत थांबल्या, टायरच्या खुणा, काचा कुठवर उडाल्या, रस्त्यावरचे दिवे चालू होते का, गाडीत बाटली किंवा ग्लास दिसतो का, नंबर प्लेट. कशालाही हात लावायचा नाही. मग आसपासची दुकानं, सोसायट्या, पेट्रोल पंप, बँकेचं एटीएम यांचे कॅमेरे कुठे आहेत त्याची यादी करावी. पुष्कळ ठिकाणी चित्रण काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं. तुम्हाला कुणी प्रत देईल असं नाही, पण ‘अमुक ठिकाणचं अमुक वेळेतलं चित्रण ताबडतोब जप्त करावं’ असा अर्ज दुसऱ्याच दिवशी तपासी अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. या लेखात जिथे जिथे ‘अर्ज’ म्हटलं आहे तिथे पोच गृहीत धरा. तोंडी विनंतीचा पुढे काहीही उपयोग होत नाही.

दुसरी पायरी: रक्ताचा नमुना

इथे जरा थांबून सविस्तर सांगतो, कारण अशी प्रकरणं सगळ्यात जास्त इथेच ढिली पडतात.

कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल एवढी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अपघातात सापडलेल्या चालकाची श्वासचाचणी घ्यायचा अधिकार कलम २०३ पोलिसांना देतं. कलम १८५ खाली अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत व्हायलाच हवी, असं कलम २०२ सांगतं. चालकाने कारण नसताना चाचणीला नकार दिला तर तो नकार त्याच्याविरुद्ध धरता येतो, कलम २०५.

आता शरीराचा हिशेब बघा. दारू रक्तातून, १०० मिलिलिटरमागे, ताशी साधारण १० ते २० मिलीग्रॅम या वेगाने उतरते. मुंबईच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांचा जीव गेला, ते अॅलिस्टर परेरा प्रकरण. त्यात चालकाच्या रक्तात ११२ मिलीग्रॅम अल्कोहोल मिळालं होतं, म्हणजे मर्यादेच्या जवळपास चौपट. तेवढंच प्यायलेल्या माणसाला आठ तासांनी तपासलं तर अहवालात जेमतेम काही तरी उरेल किंवा काहीच उरणार नाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा बळी घेतला, तेव्हा गाडीतल्या अल्पवयीन मुलाचं रक्त घेतलं गेलं सकाळी अकराच्या सुमारास. तोही नमुना ससून रुग्णालयात बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे, आणि डॉक्टरांना अटक झाली. बदल लक्षात आला तो औंधच्या रुग्णालयात वेगळा नमुना घेऊन डीएनए ताडून पाहिल्यामुळे. वरळीत ७ जुलै २०२४ रोजी कोळीवाड्यातल्या मासेविक्रेत्या महिलेला बीएमडब्ल्यूखाली फरफटत नेलं गेलं. तिथे आरोपी सापडला दोन दिवसांनी. रक्तात काय मिळणार?

म्हणून तुम्ही एवढं करा. पहिल्याच रात्री, नाहीतर पहाटे, ठाणे अंमलदाराकडे किंवा तपासी अधिकाऱ्याकडे एक पानाचा अर्ज द्या आणि त्यात विचारा: चालकाची श्वासचाचणी झाली का, किती वाजता, यंत्राची छापील पावती जोडली का? रक्त कुठल्या रुग्णालयात, किती वाजता, कुणी घेतलं? नमुना कुणासमोर सीलबंद केला आणि प्रयोगशाळेकडे कधी रवाना केला? उत्तर त्याच वेळी मिळणार नाही. तरीही हे प्रश्न कागदावर आल्यामुळे तपास करणाऱ्याला कळतं की कुणीतरी लक्ष ठेवून आहे. लपवाछपवी झालीच तर तुमचा अर्ज तारखेसह पुढे येतो.

नमुना न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. मुख्यालय मुंबईत कलिन्याला, शिवाय पुणे, नागपूर, नाशिक अशा विभागीय प्रयोगशाळा आहेत. तिथून येणाऱ्या अहवालाला ठाण्यात आणि कोर्टात सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. बचावाचे वकील या कागदावर ठरलेले प्रश्न विचारतात: रक्त काढताना कातडी स्पिरिटने पुसली का, कुपीत सोडियम फ्लोराइड हे संरक्षक होतं का, रक्त किती काढलं आणि प्रयोगशाळेत किती पोचलं, मधल्या काळात कुपी कुणाच्या ताब्यात, कुठे, थंडाव्यात होती का. यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. पण सरकारी वकिलांना भेटाल तेव्हा या प्रश्नांची उत्तरं दोषारोपपत्रातल्या कागदांत आहेत का हे त्यांना विचारा.

रक्ताचा अहवाल नसला की सगळं संपलं, असं मात्र समजू नका. प्यायल्याचा पुरावा इतरही मार्गांनी येतो: बारचं बिल, यूपीआयचा व्यवहार, बारमधलं चित्रण, वेटरचा जबाब, तपासणाऱ्या डॉक्टरने टिपलेली तोंडाला येणारा वास, अडखळती चाल, डोळे. दिल्लीतल्या एका पोर्शे गाडीच्या विम्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की श्वासचाचणी झाली नसली तरी नशेत गाडी चालवल्याचं परिस्थितीवरून सिद्ध करता येतं. तो वाद विम्यापुरता होता, फौजदारी खटल्यात याहून घट्ट पुरावा लागतो. तरी बार कुठला होता हे कळलं तर तिथलं चित्रण आणि बिलं जप्त करण्याची मागणी त्याच दिवशी लेखी करा.

तिसरी पायरी: गाडी कोण चालवत होतं

‘चालवत मी नव्हतोच, ड्रायव्हर होता.’ श्रीमंत घरच्या गाडीचा अपघात असेल तर हे वाक्य येणारच असं धरून चाला. ऑगस्ट २०२३ मध्ये गोव्यात बाणस्तारी पुलावर मर्सिडीजने तिघांचा जीव घेतला, तिथेही सुकाणूवर कोण होतं यावरून वाद उभा राहिलाच. पगारी माणसाला पुढे करणं, त्याला पैसे देऊन जबाब द्यायला लावणं, हे प्रकार खोटे नाहीत.

हा वाद वस्तू सोडवतात. चालकाकडच्या एअरबॅगवर रक्त, लाळ, त्वचेचे कण राहतात. सीटबेल्टची खूण चालकाच्या उजव्या खांद्यावर येते, शेजारच्याच्या डाव्या. सीट किती मागे सरकवली आहे आणि ती कुणाच्या उंचीला जुळते, हेही दिसतं. मोबाइलचं लोकेशन, टोलनाक्यावरचं चित्रण, फास्टॅगची नोंद, बारबाहेर गाडी कुणी काढली त्याचा व्हिडिओ. नव्या गाड्यांत धडकेच्या आधीचा वेग आणि ब्रेक यांची नोंदही असते. गाडी ठाण्याच्या आवारात उघड्यावर पावसात पडली तर यातलं पुष्कळ जातं, म्हणून ‘न्यायवैद्यक पथकाकडून गाडीची तपासणी होईपर्यंत ती झाकून सुरक्षित ठेवावी’ हाही अर्ज द्या.

चौथी पायरी: फिर्याद

बहुतेक वेळा फिर्यादी पोलीस हवालदार असतो किंवा रस्त्यावरचा कुणी. तुम्ही फिर्यादी नसलात तरी तुमचा जबाब नोंदवून घ्या म्हणून सांगू शकता. हद्दीचा वाद घालून परत पाठवलं तर झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, तो हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने लेखी दिलेला आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत मिळते. नुसती ‘एडी’, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद करून ठेवली असेल तर गुन्हा दाखल करण्याचा आग्रह धरा. नाही ऐकलं तर पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांना टपालाने अर्ज, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकारी.

फिर्यादीत जे माहीत आहे ते सगळं पहिल्याच वेळी यायला हवं. याचं कारण २००२ च्या वांद्र्यातल्या सलमान खान प्रकरणात दिसतं. अंगरक्षक पोलिसाने पहिल्या फिर्यादीत दारूचा उल्लेख केला नव्हता, काही दिवसांनी दिलेल्या जबाबात केला. सत्र न्यायालयाने मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष ठरवलं, कारण तेच गाडी चालवत होते आणि नशेत होते हे सरकार पक्ष सिद्ध करू शकला नाही. त्या साक्षीदाराच्या जबाबातला हा फरक तिथे महत्त्वाचा ठरला. पहिल्या कागदावर नसलेली गोष्ट नंतर जोडली की ती रचलेली वाटते. म्हणून साक्षीदाराला ‘तोंडाला वास येत होता’ असं खरंच जाणवलं असेल तर ते त्याने पहिल्याच जबाबात सांगावं. आणि जाणवलं नसेल तर त्याच्या तोंडी घालू नका. उलटतपासणीत खोटा तपशील टिकत नाही आणि जाताना खऱ्यालाही घेऊन जातो.

पाचवी पायरी: कलम १०६ की १०५

‘दुसऱ्याच दिवशी जामिनावर सुटला’ हा संताप समजण्यासारखा आहे. त्यामागचं कारण कलमात असतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६(१): पाच वर्षांपर्यंत कैद, गुन्हा जामीनपात्र. सदोष मनुष्यवध असेल तर कलम १०५: अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात, आणि ‘मृत्यू होऊ शकतो याची जाणीव होती, पण हेतू नव्हता’ अशा प्रकारात दहा वर्षांपर्यंत कैद. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुन्या दंड संहितेची ३०४-अ आणि ३०४ ही कलमं लागतात. मारून पळून जाणाऱ्याला दहा वर्षं देणारं १०६(२) ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर लागू झालेलं नाही, तेव्हा त्याच्या आशेवर राहू नका.

चालक प्यायलेला होता एवढ्यावर १०५ आपोआप लागत नाही. कळीचा शब्द आहे ‘जाणीव’. आपण असंच चालवत राहिलो तर कुणीतरी मरेल हे त्याला कळत होतं का? परेरा प्रकरणात खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. दिल्लीतल्या १९९९ च्या बीएमडब्ल्यू अपघातातही, ज्यात सहा जण गेले, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मनुष्यवधच मानला. तिथे शिक्षा मात्र भोगलेल्या दोन वर्षांइतकीच ठेवली आणि वर समाजसेवा व पन्नास लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. पंधरा दिवसांच्या संतापात लोक ‘फाशी द्या’ म्हणतात. ज्या घरातलं माणूस गेलं त्यांनी मात्र खरे आकडे माहीत करून घ्यावेत, म्हणजे पुढे दुसऱ्यांदा मोडून पडायची वेळ येणार नाही.

तेव्हा जाणीव दाखवणारे तपशील शोधा. सोबतच्यांनी ‘तू चालवू नको’ म्हटलं होतं का? त्याच रात्री आधी कुठे घासली किंवा धडकली होती का? वस्तीतून वेग किती होता, उलट्या दिशेने येत होता का, धडकेनंतर माणूस अडकलेला दिसूनही गाडी पुढे नेली का? हे मुद्दे तारीख-वेळेसह लिहून ‘कलम १०५ वाढवावं’ असा अर्ज द्या. तपासात कलम वाढवता येतं. कल्याणीनगरच्या प्रकरणातही आधी ३०४-अ होतं, मग ३०४ लागलं.

दोषाची वर्तुळं चालकाच्या बाहेरही जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८८ प्रमाणे नशेत चालवायला प्रवृत्त करणारा चालकाइतकाच शिक्षेला पात्र आहे. पुरावा नष्ट करणाऱ्यावर न्याय संहितेचं कलम २३८ येतं. चालक अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मुलाला दारू देणाऱ्यावर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागतं, सात वर्षांपर्यंत. पण त्या मुलाला प्रौढ धरून खटला चालवणं अवघड आहे. त्यासाठी किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा लागतो, आणि सदोष मनुष्यवध त्यात बसत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं. पुण्याच्या प्रकरणातली पोलिसांची तशी मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये नाकारली.

सहावी पायरी: गेलेल्या माणसावर ढकललेला दोष

मला या सगळ्यात सर्वांत जास्त चीड येते ती याची. गेलेला माणूस बोलू शकत नाही, म्हणून दोष हळूहळू त्याच्याकडे सरकवला जातो. हेल्मेट नव्हतं, तिघे बसले होते, अचानक आडवे आले, तेही प्यायलेच होते. विमा कंपनीचा वकील हे सगळं विचारेल, ते त्याचं काम आहे. तुमचं काम म्हणजे कागद आधीच बघून ठेवणं.

घटनास्थळ पंचनाम्याची प्रत काढा आणि त्यातला नकाशा स्वतः जागेवर जाऊन ताडून पाहा. धडकेची जागा रस्त्याच्या कुठल्या बाजूला दाखवली आहे? तुमच्या माणसाची गाडी डावीकडे होती आणि पंचनाम्यात ती मधोमध आली असेल, तर लगेच लेखी हरकत घ्या. शवविच्छेदनात मृताच्या रक्ताचा आणि व्हिसेराचा (पोटातल्या अवयवांच्या नमुन्यांचा) अहवालही येतो, तो मागून घ्या. त्यात अल्कोहोल नसेल तर तो तुमचा फार मोठा आधार आहे. असेल तर लपवू नका, वकिलाला आधीच सांगा. मृत माणूस मागच्या सीटवर प्रवासी होता की गाडी चालवत होता, यावर त्या अहवालाचा अर्थ बदलतो.

तिघे बसले म्हणून भरपाई कापली जाईल ही भीतीही अर्धवट आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलं की तिघे बसण्याने अपघात घडायला किंवा इजा वाढायला हातभार लागला हे दाखवल्याशिवाय तो मृताचा निष्काळजीपणा धरता येत नाही. मृत माणूस रिक्षातला किंवा गाडीतला प्रवासी असेल आणि दोन्ही चालकांची चूक असेल, तर पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून मागता येते.

सातवी पायरी: भरपाई

दावा अपघात झाला तिथल्या, तुम्ही राहता तिथल्या किंवा प्रतिवादी राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. कोल्हापूरच्या घरातला मुलगा नवी मुंबईत गेला तर खेटे घालायची गरज नाही, कोल्हापुरातच दावा करा. मुदत सहा महिन्यांची. या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे, तरी तुम्ही सहा महिने हीच शेवटची तारीख मानून चाला. २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, हे विचारत राहा. समोरच्या गाडीचा विमा चालू आहे का, हे एम-परिवहन अॅपवर गाडीच्या नंबरावरून दिसतं.

चालक नशेत होता म्हणून जबाबदारी नाकारण्याचा प्रयत्न विमा कंपनी करू शकते, कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तशी सोय झाली आहे. तरीही ‘आधी पीडितांना द्या, मग गाडीमालकाकडून वसूल करा’ असे आदेश उच्च न्यायालयांनी दिलेले आहेत. कंपनीने हात वर केले म्हणून खचून कमी रकमेवर सही करू नका.

रक्कम कशी निघते ते एकदा स्वतः मांडून पाहा. समजा बत्तीस वर्षांचा रिक्षाचालक, महिना वीस हजार कमाई, मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचे २,४०,००० रुपये. चाळिशीच्या आतला आणि स्वतंत्र व्यवसाय म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. अवलंबून चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, उरले २,५२,०००. या वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; एकतीस ते पस्तीस वयाचा गुणक १६. एकूण ४०,३२,००० रुपये, त्यावर सहजीवन (जवळच्या माणसाचा सहवास गमावला त्याबद्दल), अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा आणि व्याज. कायम नोकरी असेल तर ४० ऐवजी ५० टक्के, अविवाहित असेल तर सहसा निम्मी वजावट. गृहिणीच्या कामाचंही मोल धरलं जातं. कुणी ‘घरीच तर असायच्या’ म्हणून आकडा पाडत असेल तर ऐकून घेऊ नका.

कमाईचा पुरावा म्हणून पगारपत्रकच लागतं असं नाही. पासबुक, यूपीआयच्या नोंदी, दूध संघाची बिलं, सातबारा, रिक्षाचं परमिट, कर्जाचे हप्ते, सगळं चालतं. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे.

शवागाराबाहेरच कुणी ‘साहेब, मिळेल त्यातले इतके टक्के’ म्हणत वकीलपत्रावर सही मागतो. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालातल्या रकमेत टक्केवारी ठरवता येत नाही. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन १५१००. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. आणि समोरच्यांच्या घरून आलेल्या माणसाने स्टॅम्प पेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून आणलं, तर ते न वाचता परत करा.

आरोपी तुमच्याच घरातला असेल तर

हा लेख अशाही घरात वाचला जाईल. मुलगा किंवा भाऊ प्यायला होता आणि त्याच्या हातून कुणी गेलं, तर त्याला वकील द्या, तो त्याचा हक्क आहे. जखमीला दवाखान्यात नेणं आणि चोवीस तासांत पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे त्याचं कर्तव्य आहे. ड्रायव्हरला उभं करू नका, डॉक्टरला फोन करू नका, गाडी धुऊ नका. तसं केलंत तर आरोपी एकाचे चार होतात, आणि ज्या घरात मयत झालंय त्यांच्यावर तुम्ही दुसरा घाव घालता.

शेवटची पायरी: खटल्याची वर्षं

तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. दोषारोपपत्र दाखल झालं की वकिलामार्फत त्याची प्रत घ्या. एक फाईल करा: एफआयआर, पंचनामे, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट, सीए रिपोर्ट, आरटीओचा तपासणी अहवाल, तुमचे सगळे पोच मिळालेले अर्ज. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, वकिलालाही छायांकित प्रतीच द्या. सरकारी वकिलांच्या मदतीला तुमचा स्वतःचा वकील कोर्टाच्या परवानगीने उभा राहू शकतो.

साक्षीदारांशी वर्षातून एक-दोनदा साधं बोलणं ठेवा. काय सांगायचं ते शिकवू नका. पत्ता बदलला का, समन्स मिळालं का, एवढंच विचारा. समन्स जुन्या पत्त्यावर जातं, साक्षीदार ‘मिळून येत नाही’ असा शेरा पडतो, आणि तारखेमागून तारीख निघून जाते.

निकाल विरुद्ध गेला, किंवा १०५ ऐवजी हलक्या कलमाखाली शिक्षा झाली, किंवा भरपाई अपुरी ठरली, तर पीडित म्हणून तुम्हाला स्वतः अपील करता येतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१३. फक्त शिक्षा कमी वाटली म्हणून वाढवून मागायची असेल तर ते सरकारला करावं लागतं, त्यासाठी सरकारी वकिलांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी द्या. निकालाची प्रमाणित प्रत मिळण्यासाठीचा अर्ज निकालाच्याच दिवशी कोर्टाच्या नक्कल विभागात टाका.